टॉर्बर्नाइट की मेटाटॉर्बर्नाइट?

इंग्लंडमध्ये एमएस्सी करताना विभागातल्या जुन्या खनिजसंग्रहाची फेरतपासणी माझ्याकडे आली. त्यात मी सगळ्यात जास्त रमलो ते कॉर्नवॉलमधल्या गनिसलेकच्या खाणीतल्या एका तुकड्यात. ग्रॅनाइटवर गर्द हिरव्या, चौकोनी, पातळ चकत्या. चिठ्ठीवर 'टॉर्बर्नाइट'.

हे तांबं आणि युरेनियमचं फॉस्फेट. ग्रॅनाइटमधलं युरेनियम भूजलात विरघळतं आणि वाटेत तांबं नि फॉस्फेट मिळालं की भेगांमध्ये त्याचे स्फटिक धरतात. थरांमध्ये पाणी असतं. कोरड्या हवेत त्यातलं काही उडून जातं आणि मेटाटॉर्बर्नाइट उरतं. आकार तोच राहतो, त्यामुळे नुसतं पाहून खात्री देता येत नाही.

रेडिएशनचं प्रशिक्षण आणि परवानगीचे अर्ज यथावकाश आटोपले. रेडिएशन मोजणारा गायगर काउंटर तुकड्याजवळ नेला की टकटक वाढायची, हातभर मागे घेतला की ओसरायची. खरी काळजी धुळीची. युरेनियममधून निघणाऱ्या अल्फा कणांना कातडी अडवते, पण धूळ श्वासातून आत गेली तर फुफ्फुसाशी गाठ.

अतिनील दिव्याखाली काहीच चमकलं नाही. तांब्याऐवजी कॅल्शियम असलेलं ऑट्युनाइट पिवळट हिरवं झगमगलं असतं. तांबं ती चमक मारतं.

मग फ्यूम हूडमध्ये, म्हणजे हवा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त ओट्यावर, सुईने एक पापुद्रा सोडवला. तो इतका मऊ की सुई टेकताच सुटला. अगेटच्या खलात अल्कोहोल घालून ओलाच घोटला. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये स्फटिकावरून एक्स-रे कोणत्या कोनात जोरात परततात ते आलेखावर शिखरांसारखं दिसतं आणि त्यावरून थरांमधलं अंतर कळतं. तांब्याच्या एक्स-रे ट्यूबवर टॉर्बर्नाइटचं पहिलं शिखर 8.6 अंशांजवळ येतं. पाणी गेलं की थरांमधलं अंतर 10.3 वरून सुमारे 8.7 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) होतं आणि शिखर 10.2 अंशांकडे सरकतं. माझं तिथेच आलं, 8.6 पाशी सपाट रेघ. घोटण्यामुळेच पाणी उडालं अशी शंका राहू नये म्हणून न घोटलेला पापुद्राही आडवा ठेवून तपासला. उत्तर तेच.

चिठ्ठी बदलली. पाणी घटल्याने युरेनियमचा वजनी वाटा 47 वरून जवळपास 51 टक्क्यांवर जातो, तोही नोंदवला. ताजं टॉर्बर्नाइट टिकवायचं तर डबी घट्ट बंद हवी, पण बंद डबीत युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू साठतो. म्हणून असे नमुने आता हवा खेचणाऱ्या कपाटात आहेत आणि डबी फ्यूम हूडमध्येच उघडायची, असं झाकणावर लिहिलंय.