कंट्रोल झेड आणि लंबक

सोमवार, रात्री

आज तासाला जे झालं ते आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच स्वतःला सांगेन की एवढं काही झालं नव्हतं.

आठवीचा वर्ग, मुलं ४२, लॅबमधे चालू स्थितीतली मशीन २१, म्हणजे एका मशीनवर दोघं. काल रात्री जागून एक शेअर्ड डॉक्युमेंट करून ठेवलं होतं, वर मोठ्या अक्षरात "लंबक : आपल्याला काय काय माहीत आहे?" आणि खाली सगळं रिकामं. सगळ्यांनी एकाच पानावर एकाच वेळी लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, त्यात भर घालायची असा माझा प्लॅन. आता लॉगिन करायला लावलं असतं तर अर्धा तास पासवर्ड विसरण्यातच गेला असता, म्हणून मी हुशारी केली आणि लिंक असेल त्या कोणालाही एडिट करता येईल असं सेटिंग ठेवलं. 

पहिली दोन मिनिटं काय भारी वाटलं! रंगीबेरंगी कर्सर पानभर पळतायत, वाक्यं आपोआप उगवतायत. पण लॉगिन नसल्यामुळे मुलांच्या नावाऐवजी वर प्राण्यांची नावं दिसत होती, अनामिक कॅपिबारा, अनामिक अॅक्सोलॉटल वगैरे, आणि मग सगळा वर्ग "मी कोण? तू कोण?" यातच गुंतला, लंबक राहिला बाजूला. मग एकाने ७२ च्या फॉन्टमधे स्वतःचं नाव टाकलं, दुसऱ्याने त्याला लाल केलं, तिसऱ्याने त्याखाली काहीतरी लिहिलं जे मी इथे लिहिणार नाही, आणि एकदम पान पांढरं. कोणीतरी कंट्रोल ए करून डिलीट मारलं होतं.

मी आपली कंट्रोल झेड दाबत बसले. दाबतेय, दाबतेय, काही होईना, मुलं हसतायत. नंतर कळलं की अशा पानावर अनडू फक्त आपण स्वतः केलेलं मागे घेतं, दुसऱ्याने पुसलेलं आपल्या अनडूने परत येत नाही. आणि शांतपणे विचार केला तर तेच बरोबर आहे, नाहीतर २१ मशीनवरून सगळे एकमेकांचं लिहिलेलं मागे घेत बसले असते. शेवटी कॉम्प्युटरचे सर आले, म्हणाले, "मॅडम, फाईलमधे जा, व्हर्जन हिस्ट्री बघा." दोन क्लिकमधे सगळं परत. त्यांनी शेअरिंगचे तीन प्रकारही समजावले, नुसतं बघता येणारे, कमेंट करता येणारे आणि एडिट करता येणारे. मला हे ट्रेनिंगमधे सांगितलं होतं खरं तर. तेव्हा मान डोलावली होती.

पान पुसलं गेलं याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मधल्या त्या चार मिनिटांचं, जेव्हा मी पुढे उभी होते आणि माझ्याकडे एकही मूल बघत नव्हतं. वीस वर्षं खडू माझ्या हातात आहे. फळ्यावर कोण येणार, काय लिहिणार, कधी पुसायचं हे मी ठरवते, आणि ही सवय किती मुरलीये ते आज कळलं.

मंगळवार

झोप लागत नव्हती म्हणून हे असलं एकत्र लिहिणं कधी सुरू झालं ते वाचत बसले. मला वाटायचं गूगल डॉक्स आलं २००६ मधे, तेव्हापासूनच असेल. तर डग्लस एंगलबार्ट नावाच्या माणसाने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत दीड तासाचा एक डेमो दिला होता, त्यात माऊस तर होताच, पण दूर मेन्लो पार्कमधे बसलेला त्याचा सहकारी आणि तो एकाच वेळी एकाच स्क्रीनवर काम करत होते. १९६८! माझा जन्मसुद्धा झाला नव्हता. आणि मी काल स्टाफरूममधे "ही नवीन फॅडं" म्हणून आले होते.

अजून एक लक्षात आलं. त्या डेमोत दोघांना एक ठरलेलं काम होतं. माझ्या पानावर बेचाळीस जणांना काय होतं, तर "काय काय माहीत आहे". मी जर फळा पुसून ४२ मुलांच्या हातात खडू दिले असते आणि म्हटलं असतं की लिहा काहीही, तर याहून वेगळं काय झालं असतं?

गुरुवार

आज चांगला दिवस. म्हणजे दुपारपर्यंत.

यावेळी डॉक्युमेंट नाही, शीट केली. आठ गट, प्रत्येक गटाला एकच ओळ, बाकीच्या ओळींना प्रोटेक्ट लावलं म्हणजे दुसऱ्याच्या ओळीत बोट घालताच येत नाही (सर शेजारी बसून होते, मी एकटीने केलं असं दाखवणार नाही). प्रत्येक गटातल्या एकाने शाळेच्या अकाउंटने लॉगिन केलं, प्राणी गेले. गटांना लंबकाच्या लांब्या वाटून दिल्या, २०, २५, ३०, ४०, ५०, ६०, ८० आणि १०० सेंटीमीटर, प्रत्येकाने १० झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि आपल्या ओळीत टाकायचं. बाजूला आलेख लावून ठेवला होता, आकडा पडला की तिथे टिंब उमटणार. प्रोजेक्टरवर सगळ्यांना दिसतंय.

हा लंबक मी गेली कित्येक वर्षं शिकवतेय. आधी कसं व्हायचं, प्रत्येक गट आपल्यापुरतं दोन-तीन लांब्या मोजायचा, वहीत तक्ता, आलेख घरून करून आणायचा, आणि मी तीन दिवसांनी लाल पेनने "पुन्हा करा" लिहायचे. तोपर्यंत कोणाला आठवतंय काय मोजलं होतं.

आज टिंबं एकेक करून उमटायला लागली. २५ ला १०.१, मग २० ला ९, मग ६० ला १५.६, आणि मागून एक मुलगी म्हणाली की ही रेघ सरळ जात नाहीये, वाकतेय. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! १०० वाल्यांचं २० सेकंद आलं तेव्हा गलका झाला, कारण लांबी चौपट झाली तर वेळ दुप्पटच कसा, चौपट पाहिजे ना. वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते आणि मुलं उतरवून घेतात, आज ते त्यांनी आधी बघितलं आणि मग मला विचारलं की असं का. 

आणि मग ५० वाल्यांचं टिंब पडलं, ७.१. एकदम तळाला, २० सेंटीमीटरवाल्यांच्याही खाली. सगळे हसले. मी बोलणार होते, पण गप्प बसले (हे मला अवघड जातं, माझी जीभ आवरत नाही), तेवढ्यात ४० वाल्यांकडून त्या सेलवर कमेंट आली, "तुम्ही जाणं एक आणि येणं एक असं मोजलं का?" तसंच होतं! एक झोका म्हणजे जाऊन परत यायचं, यांनी अर्ध्या झोक्याला एक धरला होता, म्हणजे दहा अर्धे, पाचच पूर्ण. परत मोजलं, १४.२ आलं, टिंब टुणकन वर गेलं आणि रांगेत जाऊन बसलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. चुकीला टाळ्या, माझ्या तासाला, कधी आठवत नाही.

दुपारनंतरचं लिहायचं मन नाहीये पण लिहिते.

ट्रेनिंगमधे आम्हाला रिंगेलमानची गोष्ट सांगितली होती, हा फ्रेंच माणूस, त्याने लोकांना दोर ओढायला लावून मोजलं की माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी कमी होत जातो, १९१३ मधे छापून आलं होतं ते. गटकामात कोण दोर नुसता धरून उभा आहे ते शोधा, असं आमच्या डोक्यात बसवलं होतं. आणि आता माझ्याकडे हत्यार होतं, एडिट हिस्ट्री, म्हणजे कोणत्या लॉगिनने कधी काय टाकलं, काय बदललं याची शीटमधली नोंद. मोकळ्या तासाला मी प्रत्येक गटाची हिस्ट्री काढून बसले, पोलिसासारखी. ५० च्या गटातला एक मुलगा, नेहमी मागे बसणारा, त्याचं नाव कुठेच नाही. शेवटच्या तासाला मी त्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तू आज काय केलंस रे? इथे तर तुझी एक एंट्री नाही."

तो काहीच बोलला नाही. त्याच्या गटातली मुलगी म्हणाली, "मॅडम, घड्याळ त्यानेच धरलं होतं. आणि परत मोजताना झोके पण त्यानेच मोजले. आमच्यात लॉगिन फक्त माझं होतं."

लॉगिन फक्त तिचं होतं. मीच तसं सांगितलं होतं. गटातला एक जण लॉगिन करेल असं ठरवलं मी, आणि मग त्याच्या बाहेरच्या पाच जणांना विचारतेय की तुमचं नाव का नाही. सॉरी म्हटलं मी, तिथेच, सगळ्यांसमोरच म्हटलं, पण तो खाली बघत "ठीके मॅडम" म्हणाला आणि बसला, आणि ते ठीके काही ठीक नव्हतं.

शुक्रवार

हिस्ट्री वाईट आहे असंही नाही ना. आज परत ती उघडली, यावेळी कोणाचं नाव शोधायला नाही, आकडे कसे बदलले ते बघायला, आणि एक वेगळंच सापडलं. ८० वाल्यांनी आधी १८.६ टाकलं होतं. मग शेजारच्या ओळी भरल्या, आलेखाचा वळसा दिसायला लागला, आणि दोन मिनिटांत यांचं १७.९ झालं. परत मोजलं का विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागले. नव्हतं मोजलं. टिंब जरा वर जात होतं म्हणून खाली आणलं, बाकीच्यांसारखं दिसावं म्हणून.

गंमत म्हणजे १७.९ हेच बरोबर आहे, सूत्राने तेवढंच येतं. उत्तर बरोबर आणि प्रयोग खोटा! याला किती मार्क द्यायचे हे मला कोणी सांगा.

मी यांना रागावले नाही, खरंच नाही, कारण सगळ्यांचे आकडे भिंतीवर दिसत असताना आपलाच वेगळा ठेवायला काय लागतं ते मोठ्यांनाही ठाऊक आहे. स्टाफ मीटिंगला हात वर करायची वेळ आली की आधी आपण पण बघतोच ना बाकीच्यांचे वर गेलेत का. म्हणजे जे पान मुलांना एकमेकांच्या चुका पकडायला मदत करतं तेच पान त्यांना एकमेकांसारखं व्हायला पण लावतं, आणि ५० वाल्यांची चूक ज्यामुळे सापडली त्याचमुळे ८० वाल्यांची लपली. हे ट्रेनिंगमधे नव्हतं.

मग आता असं ठरवलंय की आधी वहीत पेनने लिहायचं, पेन्सिल नाही, आणि वहीत लिहून झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. आलेख सुरुवातीला लपवून ठेवायचा, सगळे आकडे आले की मग उघडायचा. अजून तीन कॉलम वाढवले : मोजलं कोणी, घड्याळ कोणी धरलं, टाईप कोणी केलं. आणि दर तासाला कामं बदलायची. पेनने आकडा खोडून बदलला तर चालेल, पण बाजूला का ते लिहायचं.

सर म्हणाले, मॅडम मग कागदच बरा होता की! मी म्हटलं, कागद आधी, पण ४० वाल्यांची कमेंट कागदावर आली असती का? यावर ते हसले.

सोमवार

लॅबमधे नेट नाही. सकाळपासून. आणि मी प्रयोग मांडून ठेवलेला, यावेळी लांबी सगळ्यांना सारखी, ५० सेंटीमीटर, आणि गोळे वेगवेगळ्या वजनांचे.

महिन्यापूर्वीची मी असते तर पुस्तक उघडून वाचायला लावलं असतं. आज फळ्यावर तक्ता आखला, आठ ओळी, तेच कॉलम, आणि आठ गटांतल्या आठ जणांना खडू दिले. वहीत आधी पेनने, मग एकदम सगळ्यांनी फळ्यावर. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्यासमोर आठ जणांची ढकलाढकली, पण आकडे पडले, १४.१, १४.३, १४.२, एक १४.९, आणि ते १४.९ तसंच राहिलं, कोणी खाली आणलं नाही, बाजूला वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं "घड्याळ उशिरा बंद झालं". वजनाने काही फरक पडत नाही म्हणताच अर्ध्या वर्गाचा विश्वास बसेना, भांडण लागलं, छान लागलं. घड्याळाच्या कॉलममधे त्या मुलाचं नाव नव्हतं, यावेळी तो खडू घेऊन फळ्याशी होता. माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

त्या भांडणातच कोणाच्या तरी बाहीने का डस्टरने, दोन ओळी साफ पुसल्या गेल्या. एक सेकंद शांतता. मग मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, कंट्रोल झेड!"

मोबाईल माझ्या हातात होता. फळ्याचा फोटो मी दोन मिनिटं आधीच काढून ठेवला होता.