आमची वाटचाल : उद्यमनगरातल्या पॅटर्नपासून कोद्रों सी.७१४ पर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लाकडी पॅटर्नचं दुकान होतं. फाउंड्रीत ओतकाम करायचं तर आधी त्या भागाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना लागतो. धातू थंड होताना आकसतो, म्हणून मापं तेवढी वाढवून घ्यायची. वाळूतून पॅटर्न अलगद निघावा म्हणून बाजूंना हलका उतार द्यायचा. हे सगळं आम्ही लहानपणापासून बघत शिकलो. पुढे फाउंड्र्या सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या पॅटर्नकडे वळल्या आणि सागवानाचं काम झपाट्यानं आटलं. मिस्त्रींना मात्र सोडायचं नाही, हे घरात ठरलेलं होतं. त्याच सुमारास एका इंजिनिअरिंग कॉलेजनं विंड टनेलसाठी, म्हणजे हवेचा झोत सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यासाठी, विमानाचे लाकडी पंख करून मागितले. तिथून विमानांचा नाद लागला तो आजतागायत.

दोन महायुद्धांमधल्या काळातल्याच विमानांची लाकडी मॉडेलं करायची, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर, मस्टँग या विमानांची मॉडेलं कुठेही मिळतात. आम्हाला ओढ होती ती लाकूड, कापड आणि धातू एकाच हँगरमध्ये नांदत होते त्या वीस वर्षांची. लाकडाचं विमान लाकडातच घडवावं, असं आमचं ठाम मत आहे.

या मालिकेतलं सगळ्यात जिवाजवळचं मॉडेल म्हणजे फ्रान्सचं हलकं लढाऊ विमान, कोद्रों सी.७१४. ते आमच्याकडे आलं पोलिश मंडळींमुळे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका-मुलंच. त्यांच्या पुढच्या पिढ्या अजूनही ती जागा बघायला येतात. अशाच एका कुटुंबानं आमची मॉडेलं पाहिली आणि विचारलं, १९४० साली आमच्या वैमानिकांनी फ्रान्समध्ये उडवलेलं विमान कराल का? हो म्हटलं आणि अभ्यासाला बसलो.

हे विमान शर्यतीच्या घराण्यातलं. कोद्रों कंपनीचे विमानरचनाकार मार्सेल रिफार यांच्या सी.४६० या रेसर विमानातून वैमानिक रेमों देलमोत यांनी २५ डिसेंबर १९३४ रोजी ताशी ५०५ किलोमीटरचा विक्रम केला, तोही चारशेहून कमी अश्वशक्तीवर. फ्रेंच हवाई दलाला १९३६ मध्ये स्वस्त आणि भराभर बनणारं हलकं फायटर हवं होतं, तेव्हा रिफार यांनी हाच सडपातळ आराखडा पुढे नेला. सी.७१० जुलै १९३६ मध्ये उडालं, त्याची चाकं स्थिर होती. सी.७१३ ला मिटणारी चाकं आली आणि १९३८ मध्ये सी.७१४ तयार झालं : हवेनं थंड होणारं १२ सिलिंडरचं रेनो इंजिन, ४५० अश्वशक्ती, पंखांखाली ७.५ मिलिमीटरच्या चार मशीनगन, आणि पूर्ण भरल्यावर वजन पावणेदोन टन.

सरळ उड्डाणात ते ताशी ४६० किलोमीटरपर्यंत जायचं. पण वर चढायला सरळ ताकदच लागते, तिथे बांध्याची सफाई फार उपयोगी पडत नाही. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाकडे हजाराच्या वर अश्वशक्ती होती. फ्रेंच हवाई दलाचं मन त्यावरून उडालं. मे १९४० मध्ये ही विमानं पोलिश वैमानिकांच्या 'वॉर्सा' तुकडीकडे, म्हणजे फ्रेंच हवाई दलातल्या जीसी १/१४५ या लढाऊ तुकडीकडे आली; प्रमुख होते मेजर युझेफ केंपिन्स्की. थोड्याच दिवसांत विमान मागे घेण्याचा हुकूम निघाला. बदली विमानं नव्हती आणि ही माणसं जमिनीवर बसून राहायला तयार नव्हती. त्यांनी त्याच विमानांतून १२ शत्रुविमानं पाडल्याची नोंद आहे. स्वतःची ९ हवेत गमावली. त्यांचा देश आदल्या सप्टेंबरमध्येच गेला होता. हे आठवलं की मला या विमानाला 'फसलेलं' म्हणवत नाही.

आमचं मॉडेल १:२४ प्रमाणात आहे. मूळ पंखांचा पल्ला ८.९७ मीटर, आमच्याकडे तो ३७.४ सेंटिमीटर होतो. खरी कसोटी पंखाची. मुळाशी जाड, टोकाकडे निमुळता. आधी रंधा, मग कानस, मग पॉलिश पेपर. शेवटी मिस्त्री डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवतात. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा अंगठ्याला सापडतो, की पंख पुन्हा पेपरखाली जातो. गनची आवरणं वेगळी कोरून खालून चिकटवतो. कॉकपिट फार मागे आहे, त्यामुळे नाक लांबच लांब दिसतं. ते गिऱ्हाइकाला खटकतं, पण मूळ विमान तसंच होतं, आम्ही बदलत नाही.

आता फिनलंडच्या रंगातलं कोद्रों टेबलावर आहे. फिनलंडला ८० विमानं द्यायचं ठरलं होतं, पोहोचली ६, आणि तिथल्या कच्च्या धावपट्ट्यांवर ती चाललीच नाहीत. त्या काळच्या फिनिश विमानांवर निळं स्वस्तिक असायचं. १९१८ मध्ये एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदारानं भेट दिलेल्या विमानावरून ते आलं, नाझींनी ते चिन्ह घेण्याच्या आधी. आपल्याकडे स्वस्तिक दारोदारी असतं, युरोपात ते बघून माणूस दचकतो. म्हणून त्या मॉडेलच्या खोक्यात हा इतिहास सांगणारी छापील चिठ्ठी घालतोय. कुणाला चिन्हाशिवाय हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगावं. चिन्हं आम्ही हातानं रंगवतो, वॉर्निश चढल्यावर ती काढता येत नाहीत.