नाइस १९, तरीही निम्मा सीपीयू

२०१३ची गोष्ट. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी लिनक्सची मशीनं सांभाळायचो. व्याख्यानांचे व्हिडिओ एन्कोड करणारा सहकारी चिडून आला. "दोन तासांचं काम, चार तास झाले तरी संपेना. याच मशीनवर त्या मुलीचं सिम्युलेशन चालू आहे, ते आधी बंद करा."

मुलगी घरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर नेटवरून काम करायच्या सोयीने, जोडलेली. फोन केला तर काकुळतीला येऊन म्हणाली, "सर, मी नाइस १९ लावूनच सोडलंय. त्याच्या खाली जाताच येत नाही."

ती खरं बोलत होती. नाइस म्हणजे एखादं काम इतरांपुढे किती नमतं घेतं त्याचा आकडा: ० नेहमीचा, १९ सर्वांत नमता. टॉपमध्ये, म्हणजे कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणाऱ्या यादीत, तिच्या चारही प्रोसेससमोर १९ दिसत होतं. मशीनला कोअर चार, एन्कोडिंगचे थ्रेडही चार, आणि सीपीयू चक्क निम्मा-निम्मा. मला हे पटेना. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सीपीयूचा वेळ वाटणाऱ्या सीएफएस शेड्युलरच्या तक्त्यात नाइस ०चं वजन १०२४, तर १९चं अवघं १५. म्हणजे तिच्या वाट्याला दीड टक्कासुद्धा यायला नको. डिस्क पाहिली, तापमान पाहिलं, तासभर गेला. मग कर्नलच्या सेटिंग्ज असलेलं /प्रॉक/सिस/कर्नल चाळताना 'शेड_ऑटोग्रुप_एनेबल्ड' समोर आलं. किंमत १, म्हणजे ऑटोग्रुप चालू.

हे प्रकरण मला माहीत होतं, म्हणूनच जास्त लागलं. २०१०च्या नोव्हेंबरात कर्नल डेव्हलपर माइक गॅलब्रेथ यांनी या ऑटोग्रुपचा दोनशेच्या आसपास ओळींचा पॅच (कोडमधला बदल) दिला होता. टर्मिनलमध्ये कितीही मोठं कंपाइल चालू असलं तरी डेस्कटॉप अडखळू नये, हा हेतू. लिनक्स डेव्हलपर लेनार्ट पोटरिंग यांचं म्हणणं, यासाठी कर्नल कशाला? बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच चालणाऱ्या फाइलीत) चार ओळी घालून सीग्रुप (सीपीयू वाटण्यासाठी प्रोसेसचे गट) केले की तेच होतं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना मात्र वापरणाऱ्याने काहीही न करता ते व्हायला हवं होतं. पॅच कर्नल २.६.३८मध्ये आला. तेव्हा मी टॉरवाल्ड्स यांच्या बाजूचा होतो. आजही आहे, कारण बॅशआरसी उघडून पाहणारे कितीसे असतात?

पण ऑटोग्रुप प्रत्येक सेशनचा (एका लॉगिन किंवा टर्मिनलमधून सुरू झालेल्या कामांचा) वेगळा गट करतो आणि आधी गटागटांत सीपीयू वाटतो. नाइस चालतं ते गटाच्या आत. तिच्या सेशनमध्ये तिच्याच चार प्रोसेस, चारही १९वर. नमतं घ्यायचं कुणापुढे? आणि कुठलं काम थांबू शकतं, हे कर्नलला कोण सांगणार? ते माणसालाच ठाऊक.

तिच्या एका प्रोसेसच्या 'ऑटोग्रुप' फाइलमध्ये १९ लिहिलं. अख्ख्या सेशनचं वजन उतरलं. टॉपमध्ये तिच्या प्रोसेस एक-दोन टक्क्यांवर आल्या, एन्कोडिंग सुसाट सुटलं.

पुढच्या आठवड्यात मी लांबलचक कामांसाठी कमी सीपीयू शेअर्सचा वेगळा सीग्रुप केला आणि त्यात काम टाकणारी छोटी स्क्रिप्ट सगळ्यांना दिली. त्या दिवशी मात्र आधी तिला फोन केला. सकाळपासून दोघांनी तिला ऐकवलं होतं. सहकाऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच तिची माफी मागितली.