तीनशे ओळी

नववीतल्या एका मुलाला मराठीच्या बाईंनी शिक्षा दिली होती. ‘मी गृहपाठ वेळेवर पूर्ण करीन’ हे वाक्य तीनशे वेळा लिहून आणायचं. त्याने आणलं. पानावर पंचवीस ओळी, अशी बारा पानं, निळ्या बॉलपेनची. मधल्या सुट्टीत बाईंनी तो गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. ‘‘सर, हे त्याने हाताने लिहिलेलं नाही. पण प्रिंटरवरचंही नाही. मागून बोट फिरवून बघा.’’

फिरवलं. कागदाच्या पाठीला पेनाच्या दाबाचे उठाव लागत होते. अक्षरही त्याचंच, जरा डावीकडे कललेलं. मग बाईंना संशय आला कशावरून?

‘‘पहिलं पान आणि बारावं पान शेजारी शेजारी ठेवा.’’

ठेवल्यावर कळलं. बाईंची हयात वह्या तपासण्यात गेली आहे. मुलं अशा ओळी लिहायला बसली की शंभरीनंतर अक्षर फाकतं, शिरोरेषा तुटायला लागते, ‘पूर्ण’वरचा रफार सरकून भलत्याच अक्षरावर बसतो. काही जण तर आधी सगळे ‘मी’ वरून खाली लिहून काढतात, मग सगळे ‘गृहपाठ’. दोन पेनं रबरबँडने बांधून एका वेळी दोन ओळी काढणारीही असतात. या गठ्ठ्यात त्यातलं काहीच नव्हतं. बारावं पान पहिल्याइतकंच ताजं होतं.

मी त्याला संगणक कक्षात बोलावलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. ‘‘सर, प्लॉटर केलाय,’’ म्हणाला, म्हणजे पेन धरून कागदावर लिहिणारं यंत्र, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर यंत्रच घेऊन आला. मोडीत निघालेल्या प्रिंटरचा दांडा आणि पट्टा, पावलापावलाने फिरणाऱ्या दोन स्टेपर मोटर, पेन वर-खाली करायला एक छोटी सर्व्हो मोटर आणि हे सगळं हलवायला अर्डुइनोचा, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा, बोर्ड. पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रॅम वाक्य घेतो आणि पेनाने कुठून कुठे जायचं याच्या सूचना जी-कोडमध्ये, म्हणजे अशा यंत्रांच्या भाषेत, लिहून देतो. बाईही आल्या होत्या. तिघांनी मिळून तो कोड वरपासून खालपर्यंत वाचला.

एकच ओळ तीनशे वेळा लिहिणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं, शिकवताना पहिल्याच तासाला मी हेच करून घेतो : एक वाक्य दहा वेळा छापा, आता शंभर वेळा छापा. अवघड भाग होता अक्षराचा. साधा फॉन्ट वापरला तर यंत्र अक्षराची कडा काढतं, आतून पोकळ. पेनाला हवी असते एकच रेघ. तशा एकरेषी वळणाचे जे फॉन्ट त्याला मिळाले ते रोमन लिपीचे. म्हणून त्याने टचस्क्रीनवर स्वतः अक्षरं गिरवली आणि बोट गेलं त्या वाटेवरचे बिंदू साठवले. प्रत्येक अक्षराचे चार-पाच नमुने. ओळ लिहिताना प्रोग्रॅम त्यातला कुठलाही एक उचलतो आणि त्याची जागा, तिरकेपणा, उंची केसभर बदलतो, म्हणजे दोन ‘ठ’ कधी तंतोतंत सारखे येत नाहीत. शिरोरेषा तो आधी अक्षरागणिक काढत होता. मध्ये फटी पडायला लागल्या, तेव्हा त्याने स्वतःचा हात निरखला आणि लक्षात आलं की आपण शब्द पुरा करतो आणि मग वरून एकच रेघ ओढतो. कोडही तसाच बदलला.

खरी गंमत ‘पूर्ण’मध्ये होती. त्याचा रफार सारखा चुकीच्या जागी पडत होता. संगणकात हा शब्द साठवला जातो तो प, दीर्घ ऊकार, र, हलन्त, ण या क्रमाने. र आधी, ण नंतर. लिहिताना मात्र आपण ण काढतो आणि त्याच्या डोक्यावर रफार देतो. ऱ्हस्व इकाराचं याच्या उलट : साठवताना तो व्यंजनाच्या नंतर, कागदावर व्यंजनाच्या आधी. त्यासाठी त्याने शब्दाचे अक्षरगट पाडणारं वेगळं फंक्शन लिहिलं होतं आणि वर शेरा टाकला होता : ‘रफार – बोलताना आधी, लिहिताना नंतर’.

बाईंनी तो शेरा दोनदा वाचला. ‘‘हेच मी सातवीत फळ्यावर लिहून दिलं होतं. तेव्हा कोणाला कळलं नव्हतं.’’

तरी त्यांचा राग गेला नव्हता आणि त्यांचा मुद्दाही पोकळ नव्हता. शिक्षा यंत्राने भोगली, मुलाचं काय? मी म्हटलं, बाई, त्याने निबंध यंत्राकडून लिहून आणला असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. निबंधात विचार करायचा असतो, तो चुकवला तर सगळंच चुकतं. पण तीनशेव्या ओळीत पहिल्या ओळीपेक्षा वेगळं काय आहे? शिवाय ज्या हाताने पुढे कविता, पत्रं लिहायची त्याच हाताला लिहिणं म्हणजे दंड हे आपण का शिकवावं? मला हे मनापासून वाटतं आणि मी ते बैठकांमध्येही बोललो आहे. बाईंना मी इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजची गोष्टही सांगितली. 1821मध्ये तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल माणसांनी हाताने मांडलेली खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत बसले होते. चुकांमागून चुका. त्या वैतागातूनच ही आकडेमोड यंत्राने करावी असं बॅबेजच्या डोक्यात आलं. संगणकाच्या इतिहासाचा एक धागा तिथे सुरू होतो.

मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याची नजर पहिल्या आणि बाराव्या पानावर होती. ‘‘सर, थकवा घालायचा राहिला. ओळीचा नंबर वाढेल तसं अक्षर फाकायला पाहिजे.’’ बाई हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच.

निर्णय त्यांनीच दिला. ओळी माफ. पण राहिलेला गृहपाठ, समासाची उदाहरणं, तिथेच बसून हाताने पुरा करायचा. त्याने तासाभरात करून दिला, दोन ठिकाणी विग्रह चुकला. त्यानंतर बाईंनी वर्गासाठीही हेच ठरवलं : गृहपाठ राहिला तर शाळा सुटल्यावर थांबून तोच करायचा. इतर शिक्षक अजून ओळी देतात. त्याबद्दल माझं बोलणं चालू आहे.

यंत्र आता संगणक कक्षात असतं. बाईंनी त्याला जोडाक्षरांची यादी दिली आहे. क्ष, ज्ञ, ह्य झाले. ‘राष्ट्र’ अजून अडलाय. ट्रची खालची रेघ पुढच्या ओळीच्या शिरोरेषेला जाऊन टेकते.