व्हीलचेअर रग्बी: चेंडूच्या आधी खुर्ची

शनिवार, सरावाच्या आधी

आज नवीन लोक येणार, म्हणून जे सांगायचं ते आधीच वहीत उतरवून ठेवतो. सांगताना क्रम चुकला की लोक टकरीलाच खेळ समजून बसतात. १९७०च्या दशकात कॅनडातल्या विनिपेगमध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा त्याला ‘मर्डरबॉल’ म्हणायचे. ते जुनं नाव ऐकून आलेला माणूस अजूनही पहिल्या पाच मिनिटांत कुणावर तरी जाऊन आदळायला बघतो. माझं म्हणणं एवढंच आहे: आधी बसणं, मग थांबणं, मग वळणं, त्यानंतर टक्कर आणि सगळ्यात शेवटी चेंडू. हा क्रम पाळला तर पहिल्याच सरावात माणसाला खेळ कळतो. उलटा केला तर महिनाभर तो चेंडूमागे धावत राहतो.

हा खेळ कुणासाठी, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. स्पर्धेत उतरायचं तर हात-पाय मिळून किमान तीन अवयवांवर परिणाम झालेला असावा लागतो. मानेच्या मणक्याची दुखापत झालेले खेळाडू सर्वांत जास्त असतात. सेरेब्रल पाल्सी असलेले, एकाहून अधिक अवयव गमावलेले, स्नायू दुबळे होत जाणारे आजार असलेलेही असतात. बोटं मिटत नाहीत म्हणून ‘मला चेंडू धरता येणार नाही’ असं म्हणणाऱ्याला सांगायचं, की हा खेळ अशाच हातांसाठी बांधला गेला आहे. स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात.

आता बसणं. रग्बीची खुर्ची रोजच्या खुर्चीसारखी नसते. मागची चाकं वरच्या बाजूला आत आणि जमिनीकडे बाहेर अशी तिरकी असतात, साधारण १५ ते २० अंश. त्यामुळे खुर्ची पटकन वळते आणि बाजूने धक्का बसला तरी सहज उलटत नाही. स्पोकवर गोल झाकण असतं, पुढे बंपर असतो, मागे उलटू नये म्हणून छोटं चाक असतं. ब्रेक नसतो, आणि हे बसायच्या आधी सांगायचं. बैठक मागच्या बाजूला खोल असते, गुडघे कमरेपेक्षा वर येतात. ज्याच्या पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंत ताकद नाही त्याला हीच खोली सरळ धरून ठेवते.

पट्टे बांधायचा आमचा क्रम ठरलेला आहे. कंबर पार मागे टेकवायची, मग पावलांचा पट्टा, मग मांड्यांचा, शेवटी कमरेचा. कमरेचा आधी बांधला तर पाय लावताना माणूस पुढे सरकतो आणि पट्टा पोटावर चढतो. गरज असेल त्याला छातीखाली रुंद पट्टा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. खिसे रिकामे करायचे. चावी, फोन, पँटची जाड शिवण, मागच्या खिशाचं बटण, असं काहीही खाली राहिलं तर ते रुततं. संवेदना नसेल तर कळत नाही, आणि तासाभरानं तिथे लाल वळ दिसतो. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर नळी पट्ट्याखाली चेपलेली नाही ना आणि पिशवी रिकामी आहे ना, हे दुसऱ्या कुणीतरी पुन्हा पाहायचं.

हातमोज्यांवर घाई अजिबात करू नये. तळव्याला रबराचा थर असलेले साधे कामाचे मोजे चालतात. ज्याची बोटं आपोआप आत वळतात त्याच्या मोज्यात एखादं बोट, बहुतेक वेळा करंगळी, दुमडूनच राहतं. बाहेरून मोजा नीट बसल्यासारखा दिसतो. म्हणून एकेक बोट बाहेरून चाचपायचं, टोकापर्यंत पोचलंय का बघायचं, मगच मनगटावर टेप. टेपचे दोन वेढे पुरतात. तिसरा वेढा घट्ट झाला की हात निळसर पडतो, आणि तेही त्याला जाणवत नाही. कोपरापर्यंत जुन्या मोज्याची नळी किंवा जाड बाही चढवायची, कारण थांबताना फिरत्या टायरवर हाताची आतली बाजू घासते. पहिल्याच दिवशी तिथली कातडी सोलवटते, तीही बाही नाही म्हणूनच.

टायर हाताने दाबून बघू नका. हवा कमी असेल तर नवखा म्हणतो, माझ्या खांद्यात दम नाही. खरं तर चाकच ओढत असतं. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा बघायची आणि मापक लावूनच हवा भरायची.

शनिवार, संध्याकाळी

आज पहिला अर्धा तास चेंडू बाहेर काढलाच नाही. ठीक केलं.

ढकलायला चाकाची कडी पकडायची नसते, पकडताच येत नाही. तळहाताची टाच थेट टायरवर ठेवायची आणि पुढे-खाली रेटायचं. थांबलेल्या खुर्चीला पहिले दोन धक्के आखूड आणि जोराचे, वेग आला की लांब. ज्याच्या दंडामागचा स्नायू, ट्रायसेप्स, काम करत नाही त्याला ‘जोर लाव’ म्हणून उपयोग नाही. त्याने हात चाकाच्या मागच्या बाजूला नेऊन बायसेप्सने वर ओढायचं. खुर्ची तशीही पुढेच जाते. हा फरक न ओळखता सगळ्यांना एकच पद्धत शिकवली की दोन जण शिकतात आणि दोन जण खांदे दुखवून घरी जातात.

मग चार धक्के मारून थांबणं. दोन्ही तळवे एकाच वेळी, एकसारखे दाबायचे. एक हात आधी पडला की खुर्ची गर्रकन त्या बाजूला फिरते. नेमकं तेच मुद्दाम केलं की वळण होतं: एक चाक धरायचं, दुसरं रेटायचं. जागच्या जागी अर्धं फिरणं, उलटं जाणं, शंकू लावून आठाच्या आकारात फिरणं. नजर शंकूवर खिळली की खुर्ची शंकूवरच जाते, म्हणून पुढच्या मोकळ्या जागेकडे बघायला सांगायचं.

टक्कर एका खुर्चीच्या अंतरावरून, हळू. हनुवटी छातीकडे, हात चाकांच्या रेषेच्या आत. दोन बंपरांच्या मध्ये बोट सापडलं तर मोडतं. आदळल्यावर थांबायचं नाही, पुढे रेटत राहायचं. कुठे आदळायचं हा खरा प्रश्न. मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे मारलं तर समोरचा अडतो. आसाच्या मागे मारून खुर्ची गरकन फिरवली तर तो फाउल, कारण त्यात मान आणि पाठ दुखावते. अंगाला अंग लावायला परवानगी नाही. टक्कर खुर्चीची खुर्चीला.

खुर्ची उलटली तर हात खाली टेकवायचा मोह होतो, आणि मनगट जातं ते याच सवयीनं. हात पोटाशी घ्यायचे, मान आत. पट्टे बांधलेले असल्यामुळे माणूस खुर्चीसकट पडतो. उचलायला दोघं लागतात, आणि उचलण्याआधी विचारायचं, पाय वळलाय का, कुठे दुखतंय का. एका झटक्यात उभं करू नये.

आज सगळ्यांत समाधानाची गोष्ट पिकर लागण्याची. बचावाच्या खुर्चीला पुढे आकड्यासारखा भाग असतो, तोच पिकर. हल्ल्याच्या खुर्चीला पुढे गोलाकार बंपर आणि बाजूला पंख असतात, आकडा अडकू नये म्हणून. तरी पंख आणि चाक यांच्यामध्ये एक फट राहतेच. बचाव करणाऱ्याने तिरकस कोनातून हळू येऊन आकडा त्या फटीत सारायचा आणि मग आपली चाकं धरून बसायचं. समोरच्याकडे दुप्पट ताकद असली तरी तो हलत नाही. तो मागे-पुढे झटके देतो, तेव्हा आपणही तेवढंच त्याच्याबरोबर सरकायचं, नाहीतर आकडा निसटतो. सरळ समोरून वेगाने आलं तर आवाज मोठा होतो आणि आकडा काही लागत नाही.

शनिवार, रात्री

गुणांचं गणित नव्यांना रुक्ष वाटतं, पण खेळाचा जीव तिथेच आहे. प्रत्येक खेळाडूला हाता-धडाच्या क्षमतेप्रमाणे ०.५ ते ३.५ गुण, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. मैदानात एका वेळी चौघे, आणि चौघांची बेरीज ८च्या वर जाता कामा नये. बाई खेळत असेल तर या मर्यादेत सूट मिळते. ३.५ चे दोन घेतले तर उरलेले दोघे ०.५ चेच. ३, ३, १, १ जमतं. २.५, २.५, २, १ हेही जमतं.

याचा अर्थ, ज्याचे हात सर्वांत कमी चालतात त्याच्यावाचून संघ उभाच राहत नाही. ०.५ चा खेळाडू पूर्ण सामन्यात चेंडूला मोजून काही वेळा हात लावेल. पण समोरच्या ३.५ ला त्याने कोपऱ्यात वीस सेकंद अडकवून ठेवलं, तर आपल्या बाजूचे तिघं मोकळे होतात. नव्या लो-पॉइंटरला, म्हणजे कमी गुणांच्या खेळाडूला, ‘तू फक्त अडव’ असं सांगू नका. ‘फक्त’ हा शब्द काढून टाका. त्याला विचारा, गोल लाइनकडे (चेंडू घेऊन जी ओलांडली की गोल होतो ती रेषा) जाणारा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, आणि तिथे तू त्याच्या आधी पोचशील का? पाठलाग करून तो कधीच पोचणार नाही. समोरचा जिथे जाणार आहे तिथे जाऊन आडवं उभं राहायचं. वेग नसलेल्या खेळाडूला हे आधी उमगतं, कारण त्याला दुसरा मार्गच नसतो.

रविवार

आज चेंडू. व्हॉलीबॉलच्या आकाराचा, पण हवा जरा जास्त कडक, म्हणजे उसळी चांगली मिळते. तो मांडीवर ठेवून पळता येतं, दोन्ही तळव्यांत दाबून फेकता येतं, मुठीने वा मनगटाने ढकलता येतं. लाथ मात्र नाही. उचलताना बोटांची गरज नाही: फिरत्या चाकाला चेंडू लावून धरला की चाकच त्याला वर आणतं. नवखे मांडीवरचा चेंडू एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ढकलतात आणि गोल फिरतात. गुडघे वर असतात, त्यामुळे चेंडू आपोआप पोटाशी बसतो. दोन्ही हात चाकावर ठेवा.

बास्केटबॉलचंच मैदान, २८ बाय १५ मीटर. दोन्ही टोकांना ८ मीटर अंतरावर दोन शंकू, त्यांच्यामधली ती गोल लाइन. चेंडू ताब्यात असताना दोन चाकं ओलांडली की एक गोल. लाइनसमोर १.७५ मीटर खोलीची पट्टी, तिला ‘की’ म्हणतात. हल्ला करणाऱ्याने तिथे १० सेकंदांहून जास्त थांबायचं नाही; बचावाचे तिघंच आत राहू शकतात, चौथा शिरला की त्याला शिक्षा. शिक्षा म्हणजे पेनल्टी बॉक्समध्ये एक मिनिट, किंवा समोरच्यांचा गोल होईपर्यंत.

घड्याळाशी मैत्री करावीच लागते. १० सेकंदांत एकदा चेंडू आपटायचा किंवा पास द्यायचा. १२ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची आणि मग मागे न्यायचा नाही. ४० सेकंदांत गोल. ८ मिनिटांचे चार डाव, खेळ थांबला की घड्याळही थांबतं. हे आकडे पाठ करून काही होत नाही. बाहेरून कुणीतरी मोठ्याने सेकंद म्हणत राहिलं तर दोन-चार फेऱ्यांत ते अंगात भिनतात. सर्वांत जास्त विसरला जातो तो १० सेकंदांचा नियम: मोकळा रस्ता दिसतो, माणूस पळत सुटतो आणि शिट्टी वाजते.

रस्ता मोकळा असूनही लाइनजवळ थांबायला सांगितलं की नवखे चक्रावतात. चेंडू हाती आलेला संघ बहुतेक वेळा गोल करतोच, म्हणून डाव संपताना शेवटचा गोल कुणाचा, यावर सगळं येतं. पंधरा सेकंद उरलेली असताना गोल केला तर समोरच्यांना उत्तर द्यायला वेळ मिळतो. एक सेकंद उरवून केला तर नाही. त्यामुळे लाइनबाहेर, ‘की’च्याही बाहेर, घड्याळाकडे बघत थांबायचं. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला ४८–४१ असं हरवलं. इतके गोल होणाऱ्या खेळात सातचा फरक म्हणजे हातातून निसटलेले मोजकेच चेंडू.

रविवार, उशिरा

तब्येतीबद्दल लिहून ठेवतो, कारण हे सांगायचं राहिलं तर बाकी सगळं वाया.

मानेच्या मणक्याला दुखापत असलेल्यांना दुखापतीच्या खाली घाम येत नाही. शरीर तापतं आणि निवत नाही. तहान लागायची वाट बघू नका. पाण्याची फवारणीची बाटली प्रत्येक बाकाजवळ हवी: तोंड, मान, हात ओले करायचे आणि वारा घालायचा. नुसतं ओलं करून बंद हॉलमध्ये बसवलं तर फारसा उपयोग नाही, पंखा समोर हवा. बोलणं अडखळायला लागलं, चिडचिड वाढली, चक्कर आली, की खेळ बंद.

दुसरं, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर हा धोका असतो. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, अंगावर काटा येतो, रक्तदाब एकदम चढतो. कारण बहुतेक वेळा भरलेलं मूत्राशय, चेपलेली नळी, किंवा फार आवळलेला पट्टा. त्याला सरळ बसतं ठेवायचं, आडवं करायचं नाही. पट्टे, टेप, बूट सैल करायचे, नळी बघायची, मूत्राशय रिकामं करायचं. दोन-चार मिनिटांत उतरलं नाही तर रुग्णवाहिका बोलवायची आणि डॉक्टरांना हेच नाव सांगायचं. डोकेदुखीची गोळी देऊन बसवून ठेवणं धोक्याचं आहे.

घरी गेल्यावर आरशात किंवा कुणाकडून तरी पाठ, बसायची जागा, टाचा, कोपर तपासून घ्यायचं. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल, किंवा अर्ध्या तासानंतरही तसाच असेल, तर त्या जागेवर पुन्हा भार द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. पुढच्या सरावाला बैठक बदलायची: बहुधा कंबर मागे टेकलेली नव्हती, किंवा गादी खुर्चीच्या मापाची नव्हती. आज दोघांच्या गाद्या पुढे सरकलेल्या दिसल्या. शनिवारी त्यांच्या गाद्यांच्या खाली न घसरणारं रबर घालून बघायचं, आणि पट्ट्याचं बक्कल एक छिद्र मागे.