संपात अडकलेलं संपाचं पाकीट

२०२४ च्या शेवटी सलग ३४ दिवस, म्हणजे अक्षरशः रोज सकाळी, चहा गॅसवर ठेवला की मी मोबाईलवर एकच नंबर टाकून बघत होते. सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी सीए, म्हणजे कॅनडा. आणि रोज तीच एक ओळ यायची, पार्सल स्वीकारलं, १३ नोव्हेंबर २०२४. बास. नवरा म्हणायचा, अगं त्या नंबरला पण कंटाळा आला असेल आता.

झालं असं की १३ तारखेला तिकडे ऑन्टारियोतल्या एका छोट्या गावात एका आजोबांनी माझं पाकीट पोस्टात नेऊन दिलं आणि १५ तारखेला कॅनडातले पोस्टाचे ५५,००० कामगार संपावर गेले. दोन दिवस फक्त! आमच्याकडे म्हणतात ना, नशिबात नसलं की ताटातलं पण खाली पडतं, तसं.

आता पाकिटात काय होतं ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. मी पोस्टाचे शिक्के जमवते. तिकिटं पण आहेत, पण जीव शिक्क्यांवर, आणि त्यातही आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसच्या. आईचे वडील आरएमएसमध्ये सॉर्टर होते. रात्रीच्या गाडीला तो लाल डबा लागायचा, त्यात भिंतीला लाकडी खण, आणि हे लोक हलत्या गाडीत उभ्याने पत्रं त्या त्या खणात टाकत जायचे, पुढचं स्टेशन यायच्या आत थैली बंद करून लाखेचं सील लावून तयार. आपल्याकडे चालत्या गाडीत टपाल लावायची सुरुवात १८६३ ला अलाहाबाद ते कानपूर अशी झाली. हे सगळं मला माझ्या या आजोबांनी नाही सांगितलं, ते फार बोलायचे नाहीत, शिक्के जमवता जमवता कळत गेलं. आणि शिक्के जमवता जमवताच आणखी एक वेड लागलं, संपाचं टपाल. म्हणजे संपामुळे अडकलेली, उशिरा पोचलेली पत्रं. जगभर लोक जमवतात, मी एकटीच येडी नाहीये.

तर हे पाकीट, आमच्या भाषेत कव्हर, मुंबईतून पुण्याला पाठवलेलं. शिक्का १० जुलै १९४६. आणि ११ जुलै १९४६ पासून आपल्याकडे पोस्टमन लोकांचा मोठा संप सुरू झाला, तो इतका पसरला की २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्याला अख्खं कलकत्ता बंद होतं. माझ्या कव्हरच्या मागे पुण्याचा शिक्का आहे तो ऑगस्टचा, तारीख पुसटलीय पण महिना वाचता येतो. मुंबई-पुणे एक महिना! ते फिरत फिरत कॅनडात कुणाच्या तरी बुटाच्या खोक्यात गेलं आणि त्या आजोबांनी ते ३८ डॉलरला विकायला काढलं, तिकडचे डॉलर, म्हणजे आपले तेवीसशेच्या आसपास. मी मागेपुढे न बघता घेतलं. आणि १९४६ च्या संपात अडकलेलं पाकीट २०२४ च्या संपात अडकलं. कथेत कुणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं जरा अतीच होतंय.

कॅनडातल्या आजोबांनी आधी विचारलं होतं, कुरिअरने पाठवू का, संपाची कुणकुण आहे. पण कुरिअरचा आकडा कव्हरच्या दुपटीच्या वर होता, मी म्हटलं नको. हौशी माणसाचं हेच तर आहे. ज्यांना धंद्यासाठी माल मागवायचाय ते कुरिअर करतात, संप झाला तर झाला. आपण दोन-अडीच हजाराची वस्तू मागवणारे, आपल्याला पोस्टच परवडतं, त्यामुळे पोस्ट थांबलं की जगाच्या बाजारातून आपण आपोआप बाहेर. त्यांनी आणखी एक सुचवलं, वर गिफ्ट लिहू का. मी घाईघाईने नको नको लिहिलं, कारण डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून माल आणायला आपल्याकडे बंदी आहे, सूट फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. हो, राखीला! राखीसोबतच्या गिफ्टला नाही हं, नुसत्या राखीला. हे त्यांना समजावताना माझी इंग्रजी कमी पडली.

आमचा ठाणे-नवी मुंबईचा एक छोटा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, सगळे बाहेरून काहीबाही मागवणारे, आणि त्या नोव्हेंबर-डिसेंबरात तो ग्रुप म्हणजे दवाखान्याबाहेरचं बाकडं झालं होतं, प्रत्येकाचं वेगळं दुखणं. खारघरचा एकजण फाउंटन पेनवाला, त्याच्या शाईच्या दोन बाटल्या तिकडे कुठल्यातरी गोदामात होत्या आणि तो रोज तिथलं तापमान टाकायचा, आज उणे नऊ, आज उणे चौदा, कारण शाई गोठली की फुगते आणि काच तडकते. आम्ही इकडे एसीची सर्व्हिसिंग कधी करायची बोलतोय आणि हा उणे चौदा. ऐरोलीच्या एका पोराने अकरा जणांचे पैसे गोळा करून कीबोर्डच्या कीकॅप्स, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, एकत्र मागवल्या होत्या, शिपिंग वाचावं म्हणून. त्याचं खरं हाल. वस्तू अडकली ती एकदाच, पण फोन अकरा जणांचे, आणि त्यातला एकजण त्याचा होणारा साडू. त्याने पुढे एकत्र मागवणं सोडलं असं सांगितलं, मार्चमध्ये परत सुरू केलं.

आणि नुसतं कॅनडातून येणारंच नाही, तिकडे जाणारं पण बंद. अमेरिकेच्या पोस्टाने तर २९ नोव्हेंबरपासून कॅनडाचं टपाल घेणंच थांबवलं. टपालाचं जगभराचं जाळं १८७४ पासून एकमेकांच्या भरवशावर चाललंय, याने घ्यायचं, त्याने पोचवायचं, त्यामुळे एकाने हात वर केले की बाकीचे पण काउंटरवरच नाही म्हणतात. फक्त पेन्शन वगैरे सरकारी मदतीचे चेक तेवढे संपकऱ्यांनी वाटायचे असं आधीच ठरलं होतं, ते मला आवडलं. तिकडे लहान मुलं सांताक्लॉजला पत्रं लिहितात, त्याचा पिनकोड एच झिरो एच, झिरो एच झिरो, झिरोला ओ धरून वाचा बरं मोठ्याने, हो हो हो, ती पत्रं पण अडकली. ऐन नाताळाच्या तोंडावर संप. संप कधी करायचा हे बरोबर कळणारी माणसं होती ती.

मी खूप चिडले होते खरं सांगते. एक दिवस आईकडे गेले होते, घंटाळीला, आणि तिथे माझं सुरू झालं, कसले हे लोक, एवढा पगार, एवढ्या सवलती, वगैरे. आई पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, तुझे आजोबा संपावर होते तेव्हा पण कुणीतरी असंच बोलत असेल गं.

मला माहीतच नव्हतं. १९६० चा संप, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा, ११ जुलैच्या मध्यरात्रीपासून पाच दिवस. सरकारने वटहुकूम काढून तो बेकायदेशीर ठरवला होता. आई तेव्हा दहा वर्षांची, कल्याणला राहायचे. तिला एवढंच आठवतं की आजोबा पाच दिवस घरी होते, पावसाने गॅलरी गळत होती, ते छत्र्या दुरुस्त करत बसले होते, घरातल्या संपल्या मग शेजाऱ्यांच्या, आणि दार वाजलं की आजी आधी कडी लावलीय का बघायची आणि मग कोण म्हणून विचारायची. नंतर काय झालं? काही नाही, गेले परत ड्युटीवर, आई म्हणाली. पण त्या वर्षी दिवाळीला कपडे नाही शिवले.

मग मी गप्प बसले. चिडणं बंद झालं असं नाही, दुसऱ्या दिवशी चहा ठेवून नंबर टाकलाच.

१३ डिसेंबरला तिथले कामगार मंत्री मध्ये पडले आणि तिथल्या औद्योगिक संबंध मंडळाच्या आदेशाने १७ तारखेला लोक कामावर परत गेले. आम्ही ग्रुपवर पेढ्याचे इमोजी टाकले. पण संप मिटला म्हणजे टपाल सुटलं हा गैरसमज आहे. खरा वैताग नंतर सुरू होतो. महिन्याभराचा ढीग, त्यात नाताळ, त्यात सगळ्यांनी एकदम नवीन पाठवायला सुरू केलेलं. डोंबिवलीच्या माझ्या एका मैत्रिणीने त्याच आजोबांकडून जानेवारीत एक कव्हर घेतलं आणि तिला ते ६ फेब्रुवारीला मिळालं पण! माझं नोव्हेंबरचं अजून तिकडेच. घरातल्या माळ्यासारखं आहे हे, जे आधी टाकलं ते सगळ्यात मागे जातं आणि शेवटी निघतं.

मधे मी एक गोष्ट केली ती सांगायला लाज वाटते. ज्या साइटवरून घेतलं तिथे वस्तू मिळाली नाही असं कळवायला ठराविक दिवस असतात, त्यानंतर ते बटणच जातं. संप आहे का भूकंप आहे, बटणाला फरक पडत नाही. शेवटच्या संध्याकाळी, ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऐरोली यायच्या आत मी ते बटण दाबलं. दोन दिवसांत पैसे परत आले. आले कुठून, तर त्या आजोबांच्या खात्यातून कापून. त्यांची काय चूक होती यात? त्यांनी तर संपाच्या आधी नेऊन दिलं होतं. त्यांचा एक ओळीचा मेसेज आला, समजू शकतो. तो मेसेज मला शिवीपेक्षा जास्त लागला.

२१ फेब्रुवारीला पाकीट आलं. मुंबईच्या फॉरेन पोस्टातून कस्टमने एका बाजूने कापून परत चिकटवलेलं, आत दोन पुठ्ठ्यांच्या मधे माझं १९४६. डाग नाही, चुरगळ नाही. मी त्याच रात्री आजोबांना लिहिलं, आलं, पैसे कसे पाठवू. साइटवर उलटे पैसे द्यायचं बटण नाही, बँकेतून पाठवायचे तर चार्जच एवढा की हसू येतं. ते म्हणाले राहू दे, पुढच्या वेळी घेशील त्यात धरू. म्हणजे कॅनडात माझं आता वाण्यासारखं उधारीचं खातं आहे, वहीत लिहिलेलं.

बाहेरचं पाकीट मी टाकलं नाही. टाकणार कशी, ते पण संपाचंच टपाल आहे ना आता. फक्त एक दुःख, आयुष्यभर तिकिटं विकणाऱ्या माणसाने त्यावर एकही तिकीट लावलं नव्हतं, नुसतं छापील बारकोडचं लेबल. माझ्याकडे ब्रिटनच्या १९७१ च्या संपातलं एक आहे, त्यापुढे हे अगदीच केविलवाणं दिसतं. तो संप २० जानेवारीपासून ४७ दिवस चालला, सरकारने तेवढ्यापुरती खाजगी लोकांना टपाल वाटायची परवानगी दिली, त्यांनी स्वतःची तिकिटं छापली, आणि मधेच १५ फेब्रुवारीला देशाचं चलन दशमान पद्धतीत गेलं, त्याची नवी तिकिटं निघाली पण पत्रं टाकायला पोस्टच बंद! मग त्या दिवसाच्या पाकिटांवर पोस्टाच्या संपामुळे उशीर झाला असा वेगळा शिक्का मारून नंतर पाठवली. असा संप असावा, जमवणाऱ्यांचं भलं करणारा.

तर मी आजोबांना सांगितलं, पुढच्या वेळी प्लीज खरी तिकिटं लावा, खूप लावा. त्यांनी लावली. फोटो पाठवला, पाकिटावर अकरा तिकिटं, सगळी आगगाडीची. आत आरएमएसची दोन कव्हरं, उधारी फेडून वर थोडे. २२ सप्टेंबर २०२५ ला पोस्टात दिलं.

२५ सप्टेंबरला परत संप.

या वेळी तिथल्या सरकारने जाहीर केलं की घरोघरी टपाल देणं आणखी ४० लाख पत्त्यांसाठी बंद करून कोपऱ्यावर एकत्र पेट्या ठेवायच्या, आणि त्याच दिवशी लोक बाहेर पडले. ११ ऑक्टोबरपासून आळीपाळीने संप करायला लागले, आज हे गाव उद्या ते, त्यामुळे टपाल थोडं हलायला लागलं म्हणे. या वेळी माझ्याकडे दाबायला बटण नव्हतं कारण साइटवर ऑर्डरच नव्हती, सगळं वहीत. बरंच आहे.

त्याच दिवाळीची पोस्त द्यायला पोस्टमनदादांना थांबवलं. आमच्या बीटला सात-आठ वर्षं तेच आहेत, त्यांना माझी सगळी पाकिटं पाठ. म्हणाले, ताई, कॅनडाचं काय आलं नाय बरेच दिवसांत.

म्हटलं तिकडे संप आहे, मागच्या वर्षी पण होता.

कशासाठी?

म्हटलं पगार आहेच, पण तिथले पोस्टाचे साहेब शनिवार-रविवार पण पार्सलं वाटायची म्हणतायत आणि त्यासाठी पार्टटाइम माणसं घ्यायची म्हणतायत, आणि आता घरोघरी जाणं पण बंद करायचंय.

ते जिन्यावरच थांबले. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

तिकडं पण? असं म्हणाले, आणि मग, पार्टटाइमवाल्यांना पेन्शन देणारेत का?