रीलला लाईक भरपूर, मग गूगलवर दुकान खाली का?

सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं दुकान आहे. धाकट्या दिरानं चटणी कुटतानाची एक रील इन्स्टाग्रामवर टाकली. उखळात मुसळाचा घाव पडतोय, भाजलेल्या शेंगदाण्याला तेल सुटतंय, लसूण-तिखटाचा लाल रंग चढतोय, एवढंच होतं त्यात. ती भरपूर चालली. पण भाऊजींना एक गोष्ट खटकत होती. "वहिनी, एवढे लाईक पडलेत, मग गूगलवर 'सोलापुरी शेंगा चटणी' टाकलं की आपण इतके खाली का?"

वेबसाइट मी सांभाळते, म्हणून उत्तर शोधणं माझ्याकडे आलं. त्यातच एका एजन्सीचा माणूस दुकानात येऊन गेला. फॉलोअर्स आणि लाईकचं पॅकेज घ्या, महिन्याभरात पहिल्या पानावर आणतो, म्हणाला. रक्कम आमच्यासारख्या दुकानाला जड होती. सासूबाई म्हणाल्या, "आधी बघ गं, खरं काय ते." मग मी बसले.

गूगलमध्ये तेव्हा स्पॅम रोखणारी टीम सांभाळणाऱ्या मॅट कट्स यांनी 2010 मध्ये सांगितलं होतं, की सोशल मीडियाचे संकेत आम्ही क्रमवारीत वापरतो. जानेवारी 2014 मध्ये मात्र त्यांनीच स्पष्ट केलं, की फेसबुक-ट्विटरची पानं आमच्यासाठी इतर पानांसारखीच आहेत आणि लाईक-फॉलोअर्सचे आकडे क्रमवारीत धरले जात नाहीत. कारणही पटण्यासारखं होतं. ही पानं गूगलच्या यंत्रणेला कायम उघडी मिळतीलच याची खात्री नाही; आज वाचता आली, उद्या दार बंद. शिवाय तिथली माहिती आणि माणसांची नाती सतत बदलतात, गूगलकडे मात्र जुनीच नोंद राहू शकते. मग जास्त लाईकवाल्या साइट वर का दिसतात? चांगल्या गोष्टीला लोक लाईकही देतात आणि आपल्या साइटवरून तिची लिंकही देतात. लाईक आपल्याला दिसतात, पण वजन लिंकला असतं.

त्या लिंकचंही एक आहे. सोशल मीडियावरच्या लिंकवर बहुतेक ठिकाणी 'नोफॉलो' ही खूण असते. स्पॅम रोखायला ती 2005 मध्ये आली. या लिंकचं वजन धरू नका, असा तिचा अर्थ. 2019 मध्ये गूगलनं ती सक्तीची न मानता सूचनेसारखी धरू असं जाहीर केलं, तरी अशा लिंकच्या भरवशावर धंदा उभा करता येत नाही. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक तर दाबताच येत नाही.

एवढं कळल्यावर मी सर्च कन्सोल, म्हणजे साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन, उघडलं. हे फुकट आहे आणि प्रत्येक दुकानदारानं ते जोडून घ्यावंच, असं माझं ठाम मत आहे. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, हे तिथं मागच्या 16 महिन्यांपर्यंतचं दिसतं. रीलच्या आधीचा आणि नंतरचा काळ मी शेजारी-शेजारी लावून पाहिला. दुकानाच्या नावानं शोधणारे चांगलेच वाढले होते. 'सोलापुरी शेंगा चटणी' या शोधातली आमची जागा मात्र जिथल्या तिथं होती. रील बघून माणसं नाव लक्षात ठेवून गूगलवर आली होती. ज्यांना आमचं नावच माहीत नाही, त्यांच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

खरा ऐवज सापडला तो रीलखालच्या प्रश्नांत. चटणी किती दिवस टिकते? दह्यात कालवायची की तेलात? मिक्सरवर केली तर तशी चव का येत नाही? बाजरीची कडक भाकरी पार्सलमध्ये मोडते का? जे आम्हाला विचारतात तेच लोक गूगललाही विचारणार. मी सासूबाईंना समोर बसवलं आणि एकेका प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून साइटवर टाकलं. मिक्सरचं पातं दाणा कापतं, मुसळ तो चेचतं, म्हणून तेल सुटतं आणि चटणी खमंग, ओलसर होते, हे त्यांनी इतकं नेमकं सांगितलं की मला एक शब्द बदलावा लागला नाही. काही आठवड्यांनी याच प्रश्नांवरून लोक साइटवर येऊ लागले. पुण्यातल्या खाण्यावर लिहिणाऱ्या एका बाईंना रीलवरून आमचा पत्ता लागला होता. त्यांनी स्वतःच्या साइटवर लिहिताना आमच्या त्या पानाची लिंक दिली. त्यानंतर कुठं 'सोलापुरी शेंगा चटणी'तली जागा वर सरकताना दिसली. निव्वळ त्या लिंकमुळेच सरकली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण लाईकमुळे नाही हे नक्की.

मॅप्सचं काम वेगळं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून येणारी माणसं स्टेशनवर उभी राहून फोनवर दुकान शोधतात. तिथं गूगल बघतं ते शोधाशी किती जुळतं, अंतर किती आणि दुकान किती नावाजलेलं आहे. मॅप्सवर दुकानाची नोंद करताना, दुकान खरं आणि आमचंच आहे याच्या पडताळणीसाठी गूगलनं व्हिडिओ मागितला. गल्लीची खूण, पाटी, मग कुलूप काढून शटर वर आणि आत पाकिटावरचा चौदा अंकी अन्न परवाना, असं सगळं सलग, न थांबता चित्रित करायचं होतं. भाऊजी शटर उचलत होते, मी फोन धरला होता. आता गिऱ्हाइकाला पाकीट देताना रिव्ह्यू लिहा म्हणून सांगतो. त्या बदल्यात सूट देत नाही. ते गूगलच्या नियमात बसत नाही.

इन्स्टाही सोडलेलं नाही. जुलै 2025 पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या निकालात येऊ शकतात. म्हणून सेटिंगमध्ये ती परवानगी चालू ठेवली आहे आणि कॅप्शनमध्ये नुसत्या बदामाच्या इमोजी टाकण्याऐवजी पदार्थ, गाव, कृती असं सरळ लिहितो.

एजन्सीवाल्याला नाही म्हणून कळवलं. सध्या संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी कडक भाकरीचं पान पुरं करायचं चाललंय. बाहेरगावचे लोक तेव्हा सर्वांत जास्त शोधतात आणि गूगलला नवं पान वाचून जागा द्यायला वेळ लागतो.